ताट आणि टेबल यांच्यामध्ये

पत्र : गेल्या वर्षी दसऱ्याला आम्ही सुतारांकडून सागवानी जेवणाचे टेबल करून घेतले. माप 5 फूट बाय 3 फूट. घरात माणसे पाच, सणावाराला सहा-सात. टेबल खराब होऊ नये म्हणून मुलीने विणल्यासारख्या दिसणाऱ्या प्लॅस्टिकच्या सहा मॅट्स ऑनलाइन मागवल्या. पावसाळा संपल्यावर त्या उचलल्या, तर पॉलिशवर विणीचे ठसे उमटलेले आणि दोन ठिकाणी टेबल चिकट झालेले. एके ठिकाणी कुकरचा पांढरा गोल डागही आहे. आमच्या ह्यांचे म्हणणे, अख्ख्या टेबलावर जाड पारदर्शक प्लॅस्टिक टाकू. सासूबाई म्हणतात, टेबलक्लॉथच बरा. मला कापडी मॅट्स आवडतात, पण हळदीचे डाग पडले की त्या चार दिवसांत ओंगळ दिसू लागतात. आम्ही स्टीलच्या ताटांतच जेवतो. दिवाळीला पाहुणे येणार आहेत. चांगल्या टेबलमॅट्स कशा ओळखाव्यात, कोणत्या मापाच्या आणि किती घ्याव्यात? – एक वाचक, ठाणे

उत्तर : कोणत्या मॅट्स घ्याव्यात हे सांगण्याआधी तुमच्या पॉलिशवर ठसे का उमटले ते सांगते, कारण निम्मे उत्तर त्यातच आहे.

विणल्यासारख्या दिसणाऱ्या या मॅट्स बहुधा पॉलिएस्टरच्या धाग्याला पीव्हीसीचा लेप देऊन, मग तो धागा विणून केलेल्या असतात. पीव्हीसी मुळात कडक. पाण्याचे पाइप त्याचेच होतात. ते मऊ आणि वळणारे व्हावे म्हणून त्यात तेलासारखे पदार्थ मिसळतात, ज्यांना प्लॅस्टिसायझर म्हणतात. हे पदार्थ प्लॅस्टिकशी घट्ट बांधलेले नसतात. ते सावकाश बाहेर झिरपत राहतात, आणि मॅट महिनोन्‌महिने एकाच जागी पडून राहिली की खालच्या पॉलिशमध्ये उतरून त्यालाही मऊ करतात. अशा मऊ झालेल्या थरावर रोज दोन वेळा भरल्या ताटाचे वजन आणि गरम वाटीची ऊब पडत राहिली, तर विणीचा छाप उठणार नाही तर काय होणार? त्यात या मॅट्सची वीण बऱ्याचदा इतकी मोकळी असते की सांडलेले पाणी वर न थांबता सरळ खाली जाते आणि मॅटखाली दिवसभर कोंडून बसते. खात्री करायची असेल, तर जुनी मॅट मोरीत धरून तिच्यावर चमचाभर पाणी ओतून पाहा.

सगळ्या पॉलिशना हा त्रास सारखा होत नाही. चपडीलाखेचे, म्हणजे ज्याला कारागीर स्पिरिट पॉलिश किंवा फ्रेंच पॉलिश म्हणतात ते, आणि लॅकर हे सर्वांत नाजूक. मेलामाइन आणि पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, पॉलिश बरेच दणकट, तरी त्यांनाही प्लॅस्टिकचा अखंड सहवास सोसतोच असे नाही. तुमच्या टेबलाला कोणते पॉलिश आहे हे सुतारांना विचारावे. ते भेटत नसतील, तर टेबलाच्या खालच्या, न दिसणाऱ्या भागावर दवाखान्यात वापरतात त्या स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस क्षणभर दाबून धरावा. कापूस तांबूस होऊन जागा चिकट लागली, तर पॉलिश लाखेचे आहे असे समजावे. चिकट झालेला भाग घरच्या घरी खरवडण्याच्या फंदात पडू नका. तो पॉलिशवाल्याकडून एकदा नीट करून घ्या आणि नव्या पॉलिशला निदान तीन-चार आठवडे मोकळी हवा मिळू द्या. दिवाळी जवळ आली असेल, तर हे काम दिवाळीनंतर काढलेले बरे.

यजमानांच्या सूचनेविषयी आता वेगळे सांगायला नको. पारदर्शक जाड प्लॅस्टिक हेही पीव्हीसीच असते. जे आज सहा तुकड्यांखाली झाले, ते उद्या पंधरा चौरस फुटांखाली होईल, आणि खाली शिरलेली वाफ बाहेर पडायला वाटही राहणार नाही. शिवाय सागवानी टेबल करून घ्यायचे आणि ते सोफ्याच्या न काढलेल्या कव्हरासारखे आयुष्यभर प्लॅस्टिकमागून पाहायचे, यात मला तरी काही हशील दिसत नाही. सासूबाईंचे म्हणणे त्यापेक्षा पुष्कळ शहाणपणाचे आहे. सुती टेबलक्लॉथ पॉलिशला अपाय करत नाही. अडचण एवढीच की एका कोपऱ्यावर आमटी सांडली, तरी धुवायला अख्खा कपडा काढावा लागतो. मॅटचा खरा फायदा हाच आहे की ज्याच्यापुढे सांडले, त्याच्यापुरतीच ती उचलता येते.

तुम्ही स्टीलच्या ताटात जेवता ही गोष्ट तुम्ही पत्रात जाता जाता लिहिली आहे, पण मॅट निवडताना तीच सर्वांत महत्त्वाची आहे. बाजारातल्या मॅट्सचे रूढ माप, म्हणजे साधारण 18 बाय 13 इंच किंवा 45 बाय 33 सेंटिमीटर, हे काटा-सुरीने जेवणाऱ्यांच्या सोयीने ठरलेले आहे : मध्ये दहा-अकरा इंचांची बशी आणि दोन्ही बाजूंना काटे, चमचे, सुऱ्या. आपल्याकडे चमचे-काटे मांडायचे नसतात, पण ताट 12 इंचांचे असते, कधी 13 चे, आणि शेजारी पाण्याचे भांडे लागते. उजवा हात खरकटा असल्यामुळे बऱ्याच घरांत ते डाव्या हाताला ठेवतात. आणखी एक फरक असा, की आपण हाताने जेवतो. ताकभात कालवताना बोटांचा दाब ताटावर पडतो आणि खालचा पृष्ठभाग गुळगुळीत असेल, तर ताट जागच्या जागी फिरते. काचेसारख्या चकचकीत लॅमिनेटच्या किंवा अ‍ॅक्रिलिकच्या मॅट्स दुकानात कितीही देखण्या दिसल्या, तरी आपल्या जेवणाला त्या जुळत नाहीत, त्याचे कारण हे. कापड ताटाला धरून ठेवते.

मापाचा अंदाज कागदावर घ्यावा, आणि हे मी शब्दशः म्हणते आहे. जुन्या वर्तमानपत्राचे 18 बाय 13 इंचांचे पाच तुकडे कापा आणि एक दिवस दोन्ही वेळा त्यांच्यावर ताटे मांडून जेवा. जेवण झाल्यावर कागद उचलण्याआधी डाग कुठे पडले आहेत ते पाहा. ताट 12 इंचांचे असेल, तर ते मॅटच्या उजव्या कडेला सरकवून डावीकडे तीन इंच तोंडाच्या फुलपात्राला सहज जागा राहते. ताट 13 इंचांचे असेल, तर मात्र पुढची-मागची कड मॅटच्या कडेला भिडते आणि थेंब नेमका टेबलावर पडतो. मग 14 इंच रुंदीची मॅट शिवून घेण्यावाचून गत्यंतर नाही.

तुमच्या टेबलाचा हिशेबही सोपा आहे. लांबी 60 इंच, रुंदी 36. रोजची पाच माणसे दोन्ही लांब बाजूंना दोन-दोन आणि एका टोकाला सासूबाई अशी बसली, तर 18 इंची मॅट्स व्यवस्थित मावतात. सहावे माणूस दुसऱ्या टोकाला बसवले की गणित बिघडते, कारण दोन्ही टोकांच्या मॅट्स 13-13 इंच आत येतात, मध्ये 34 इंच उरतात आणि बाजूच्या दोन मॅट्सना 36 इंच हवे असतात. कोपरे एकमेकांवर चढतात, आणि चढलेल्या कोपऱ्यावर ठेवलेले भांडे कलंडल्याशिवाय राहत नाही. म्हणून सहा माणसे असतील तेव्हा टोके मोकळी सोडून तीन-तीन समोरासमोर बसवा. प्रत्येकाला 20 इंच जागा येईल. एरवी माणशी 24 इंच धरण्याची पद्धत आहे, पण ज्यांनी लग्नाच्या पंगतीत मांडीला मांडी लावून जिलबी खाल्ली आहे, त्यांना 20 इंच पुष्कळ झाले. सातव्यासाठी खुर्ची टोकाला घातलीत, तर त्याच्यापुढे मॅट ठेवण्याचा आग्रह धरू नका.

समोरासमोरच्या दोन मॅट्स 26 इंच खातात, तेव्हा टेबलाच्या मधोमध फक्त 10 इंचांचा पट्टा उरतो. वाढायची भांडी तिथेच यायची आहेत. इथे तुमच्या पांढऱ्या डागाचा विषय येतो. टेबलमॅट ही ताटासाठी असते. गॅसवरून उतरवलेले पातेले किंवा कुकर थेट सोसणे हे तिचे काम नव्हे, मग ती कशाचीही असो. उष्णता आणि वाफ यांनी पॉलिशच्या थरात ओल शिरते आणि तो पांढुरका दिसतो. आपल्या जुन्या घरांत यासाठी अडणी असायची, तीन पायांची, पितळी किंवा लोखंडी. पाय असल्यामुळे भांडे आणि खालची जमीन यांच्यात हवा खेळे. आजही भांड्यांच्या दुकानात लाकडी किंवा लोखंडी स्टँड मिळतात. पायांखाली बनातीचे तुकडे चिकटवून तसे दोन मधल्या पट्ट्यात कायमचे ठेवावेत. बुचाची जाड चकतीही चालेल. बूच हलके असते आणि उष्णता फारशी खाली जाऊ देत नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे येते. रोजच्या वापरासाठी मी तुम्हाला जाड, घट्ट विणीच्या सुती मॅट्सच सुचवीन, आणि त्याही रंगीत. दुकानात त्या हातात घेतल्यावर पुढे सांगते त्या गोष्टी करून पाहाव्यात, दुकानदाराने कपाळाला आठ्या घातल्या तरी.

आधी ती उजेडापुढे धरा. धाग्यांच्या मधून खिडकी दिसत असेल, तर आमटीलाही टेबल दिसणार आहे. मग ती घट्ट गुंडाळून सोडा आणि सपाट जागेवर ठेवा. जिचे कोपरे वर उचललेलेच राहतात, ती घरी आल्यावरही तशीच राहील आणि मुलांच्या हाताला लागून वाटी उलटेल. कोपरे उलटून पाहा. चांगल्या कामात कोपऱ्याचे कापड तिरके मोडून आत घेतलेले असते, त्यामुळे कोपरा चपटा बसतो. घाईच्या कामात ते तसेच एकावर एक दुमडून शिवलेले असते आणि बोटाला गाठ लागते. पांढरा रुमाल ओला करून मॅटच्या गडद भागावर दहा-बारा वेळा घासा. रुमालाला रंग लागला, तर तो पहिल्या धुण्यात शेजारच्या कपड्यांनाही लागेल. वजनाचा अंदाज हाताला येतोच, पण घरी तराजू असेल तर 18 बाय 13 इंचांची एकपदरी मॅट साधारण 45 ग्रॅम भरावी. कापडाच्या भाषेत हे चौरस मीटरला 300 ग्रॅम होते. तिशीच्या आत आली, तर ती मॅट नसून मोठा रुमाल आहे.

दोन कापडांच्या मध्ये अस्तर घालून शिवलेल्या मॅट्स दिसायला भरदार असतात, पण त्यांच्यात एक खोड असते. वरचे कापड, खालचे कापड आणि मधले अस्तर ही तिन्ही धुतल्यावर सारखी आटत नाहीत, आणि मग मॅटला सुरकुत्या पडून ती पापडासारखी फुगते. त्यामुळे अशी मॅट आवडलीच, तर सहाचा संच उचलण्याआधी एकच आणून, धुऊन, वाळवून पाहावी. मला स्वतःला एकपदरी, आडवा धागा जाड असलेल्या विणीच्या मॅट्स अधिक पसंत आहेत. त्यांच्यावर बारीक उंचवट्याच्या रेघा असतात, ताट सरकत नाही, आणि वाळतातही लवकर. बाजारात अशा बऱ्याच मॅट्स तमिळनाडूतल्या करूरहून येतात. घरगुती वापराच्या सुती कापडाच्या निर्यातीचे ते मोठे केंद्र आहे. हातमागाच्या हव्या असतील, तर केरळातल्या कण्णूरचे कापडही चांगले. आणि विकत घ्यायच्याच नसतील, तर जाड दोसुती किंवा केसमेंटचे कापड मीटरवर आणून, आधी एकदा भिजवून आटवून, मग शिंप्याकडून हव्या त्या मापाच्या मॅट्स शिवून घ्याव्यात. तुमचे ताट 13 इंची निघाले, तर हाच मार्ग धरा.

लेबलवर सुती लिहिलेले असूनही शंका आली, तर कडेचा एक धागा ओढून घरी काडीने पेटवा. कागद जळल्यासारखा वास येऊन सुताची भुरभुरीत राख होते, पॉलिएस्टर वितळून त्याचा टणक मणी बनतो. मिश्र धागा असला म्हणून तो टाकाऊ होतो असे नाही, मात्र सांडलेले टिपून घ्यायच्या बाबतीत तो सुताच्या मागेच राहतो.

हळदीविषयी तुम्ही उगाच धास्ती घेतली आहे. हळदीचा रंग पाण्यात फारसा विरघळत नाही, तेलात विरघळतो, म्हणून फोडणीतली हळद कापडात खोल बसते. आधी भांडी घासायच्या द्रव साबणाने तेल काढा, मग नेहमीचा साबण लावा. साबण लागताच डाग लालभडक होईल. घाबरू नका, क्षारामुळे हळद लाल होते आणि खळबळून धुतल्यावर पुन्हा पिवळी होते. तो पिवळेपणा घालवायचे काम उन्हाचे. मॅट ओली असतानाच कडक उन्हात टाका, एका दिवसात डाग फिका पडतो, दोन-तीन दिवसांत बहुतेक नाहीसा होतो. ब्लीच वापरू नये, त्याने सूत कमजोर होते आणि मॅटचा रंग डागाच्या आधी उडतो. फ्लॅटच्या बाल्कनीत ऊन येत नसेल, तर मोहरी, मातकट, शेवाळी असे रंग किंवा बारीक चौकडी निवडावी. मग राहिलेला डाग तुमच्याखेरीज कोणाला दिसणार नाही. आमच्या आईच्या पिढीत टेबलाच्या कपड्यांना खळ घालत असत, ती पद्धतही पुन्हा सुरू करण्यासारखी आहे. पातळ खळ घातलेल्या कापडावर डाग धाग्याआधी खळीला धरतो आणि धुताना तिच्याबरोबर बऱ्याच अंशी निघून जातो. मात्र खळ घातलेल्या मॅट्स महिनोन्‌महिने कपाटात ठेवू नयेत, त्यांना कसर लागते.

गवताच्या मॅट्सचा मोह तुम्हाला कधी ना कधी होईल, म्हणून एक अनुभव सांगते. तमिळनाडूतल्या पत्तमडईची कोरई गवताची चटई, बंगालची मादुरकाठी, केरळची केवड्याच्या पानांची वीण, ही सगळी कामे इतकी सुबक असतात की प्रदर्शनातून हात रिकामा परत येत नाही. कोरई म्हणजे आपल्या लव्हाळ्याचाच भाऊबंद. मी अशा सहा मॅट्स हौसेने आणल्या, मार्च ते मे मिरवल्या, आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांच्या उलट्या बाजूला हिरवट-काळी बुरशी धरलेली पाहिली. दोष विणणाऱ्याचा नव्हता. ओल्या फडक्याने पुसून मी त्या लगेच टेबलावर अंथरत होते, एवढेच. ठाण्याच्या हवेत गवताच्या आणि तागाच्या मॅट्स ऑक्टोबरपासून मेपर्यंत वापरा, पुसल्यावर उभ्या टेकवून वाळवा, आणि पावसाळ्यात घडी न घालता गुंडाळून माळ्यावर टाका. बांबूच्या काड्या दोऱ्याने बांधलेल्या मॅट्स मी तेवढ्याही सुचवणार नाही. काड्यांच्या फटींत अडकलेले शीत सुई घेऊन काढावे लागते.

रेक्झिनच्या मॅट्स दोन पावसाळ्यांत पापुद्रे सोडतात. वर चित्र आणि खाली बूच असलेल्या पुठ्ठ्यासारख्या कडक मॅट्स पुसायला सोप्या असतात, मात्र कडेतून पाणी शिरले की आतला लाकडाचा भुसा फुगतो. सिलिकॉनची मॅट उष्णतेला चांगली टिकते, मुलांच्या जागेपुरती एखादी ठेवायला हरकत नाही, फक्त तिच्यावर तेलाचा ओशट थर बसतो तो रोज साबणाने काढावा लागतो.

दिवाळीसाठी हल्ली खणाच्या मॅट्स सगळीकडे दिसतात. त्या सुंदर आहेत यात वादच नाही, पण खणाच्या बुट्टीचे धागे वर उठलेले असतात आणि स्टीलच्या ताटाची खालची कड त्यात अडकते. फराळाच्या बश्या आणि चहाचे कप यांच्याखाली त्या शोभतील. पाडव्याच्या जेवणाला त्या उचलून ठेवाव्यात.

किती घ्याव्यात, तर आठ. पाच अंथरलेल्या, बाकीच्या दोरीवर नाहीतर कपाटात, आणि पाहुणे आले तर सहाही एकसारख्या मिळतात. सगळ्या आठ आळीपाळीने वापराव्यात, नाहीतर वर्षभराने पाच विटलेल्या आणि तीन कोऱ्या असा संच होतो. दिवाळीच्या निदान पंधरवडाभर आधी घेऊन दोनदा धुवाव्यात. काय आटायचे, काय रंग जायचा, तो पाहुण्यांच्या आधी जाऊ द्यावा. रात्रीच्या जेवणानंतर मॅट्स उचलून टेबल पुसून मोकळे ठेवण्याची सवय लावली, तर पॉलिशला रोज सात-आठ तास श्वास घेता येईल.

राहता राहिल्या त्या सहा प्लॅस्टिकच्या मॅट्स. त्या फेकू नका. स्वयंपाकघराच्या ओट्यावर लोणच्याच्या बरण्यांखाली आणि तेलाच्या कॅनखाली त्या अंथरा; तिथे ग्रॅनाइट आहे, ठसा उमटायला पॉलिशच नाही.